उभा का आडवा

"कॉक उभा असला की पाणी चालू, आडवा असला की बंद." हे वाक्य माझं आहे. साकोलीकडे जाणाऱ्या हायवेलगतच्या एका अंड्यांच्या पोल्ट्रीवर मी सुपरवायझर होतो आणि कामावर येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी हेच वाक्य शिकवत होतो. पहिल्या दोन शेडांत ते खरंही होतं. तिथं पाण्याचा पाइप टाकीपासून भिंतीला धरून सरळ खाली उतरायचा. कॉकची दांडी उभी, म्हणजे पाइपाच्या अंगानं, ठेवली की पाणी वाहायचं. तिसऱ्या शेडात पाइप भिंतीच्या कडेनं आडवा गेला होता. तिथं दांडी उभी केली की पाणी बंद. मला हे माहीत होतं. माझा हात आपोआप बरोबर फिरायचा, म्हणून कुणाला वेगळं सांगावं असं मला कधी वाटलं नाही.

तिथं आमच्याच गावातली एक बाई कामाला होती. घर विहाराच्या पलीकडे. वयानं माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. सगळे तिला मावशी म्हणायचे, मी "ए बाई" म्हणायचो. अंडी वेचणं, मेलेल्या कोंबड्या काढणं, पाण्याची लाइन धुणं ही तिची कामं. मे महिन्यातल्या एका दुपारी ती ऑफिसच्या दारात आली.

"सायेब, लाइन धुवून झाली. तिसऱ्या शेडातबी कॉक उभाच ठेवाचा ना जी?"

मी जेवत होतो. एका हातात मोबाइल होता. मान वर न करता म्हणालो, "कितीदा सांगू तुले? उभा म्हंजे उभा."

पोल्ट्रीत पिंजऱ्यांच्या आत पाण्याची नळी असते आणि तिला छोटी बोंडं असतात. कोंबडीनं बोंडाला चोच मारली की थेंब पडतो. उन्हाळ्यात हजारो चोचींचा टिकटिक आवाज शेडभर चालू असतो. त्या दिवशी मी तिसऱ्या शेडात गेलो तेव्हा तो आवाज नव्हता. मेलेल्या कोंबड्या पडल्याही नव्हत्या. पिंजऱ्यात एवढी दाटी असते की मेलेली कोंबडी दोन जिवंत कोंबड्यांच्या मध्ये उभीच राहते. मी कॉकची दांडी पाहिली. ती उभी होती. त्याच क्षणी मला सगळं कळलं. नंतर विचार करून कळलं असं नाही, त्याच क्षणी.

पोल्ट्रीचा मालक शेठ आला. "कोनी केलं हे?"

"बाईनं," मी म्हणालो. "मी सांगतलं होतं, तिनं आयकलं नाही."

ती शेजारीच उभी होती. "सायेब, तुमीच तं सांगतलं ना?"

"पाहा," मी शेठला म्हणालो, "वरून तोंड वर करून बोलते."

शेठनं तिला तिथूनच हाकललं. डोक्याला बांधलेला फडका सोडायलाही वेळ दिला नाही. आसपासच्या पोल्ट्र्यांमध्ये बातमी गेली की ह्या बाईनं कोंबड्या मारल्या. पुन्हा तिला कुठल्याच पोल्ट्रीनं कामावर घेतलं नाही. ती धानाच्या रोवण्याच्या, म्हणजे लावणीच्या, आणि कापणीच्या कामाला जाऊ लागली.

तिनं माझ्याशी भांडण केलं नाही. तिनं दुसरंच काही सुरू केलं. आठवडी बाजारात, नळावर, एसटीच्या थांब्यावर मी दिसलो की ती लांबूनच हात जोडायची आणि चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची, "का जी सायेब, उभा का आडवा?"

लोकांना वाटायचं, काहीतरी गंमत आहे. ते हसायचे. मग मीही हसायचो. वर्षानुवर्षं मी त्या प्रश्नावर हसत आलो.

गेल्या उन्हाळ्यात शेठनं मला काढलं. लाइट गेली, जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं, पंखे बंद पडले आणि कोंबड्या मेल्या. डिझेल भरायचं काम शेठच्या पुतण्याचं. पण सगळ्या मजुरांना गोळा करून शेठ म्हणाला, "सुपरवायझर झोपला होता. मी सांगतलं होतं, यानं आयकलं नाही."

शब्द जवळजवळ माझेच होते. पण तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं नाही. माझ्या डोक्यात फक्त शेठ होता. त्याचा चेहरा पाडायचा, त्याला गावात मान खाली घालायला लावायची, एवढंच. रानात धान कापतानाही मी मनात त्याच्याशी बोलत असे. बायको हाक मारायची आणि मला दुसऱ्यांदा ऐकू यायची.

शेठला एक गोष्ट नेहमी सांगायची सवय होती. पोल्ट्री बघायला पाहुणे आले की जुन्या बॅचकडे बोट दाखवून तो म्हणायचा, "अंडं उतरलं की कोंबडीत काई राहत नाही. रिकामं खोकं." ती रिकामी खोकी मग ट्रकमध्ये कोंबून पाठवली जायची. दिवाळीनंतर एक बॅच निघणार असल्याचं मला समजलं आणि माझा बेत ठरला. तीच खोकी आणायची, घरी जगवायची, अंड्यावर आणायची आणि शेठच्या तोंडासमोर धरायची. मला कोंबड्यांची दया आली होती असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला साक्षीदार हवे होते.

ट्रकवाला ओळखीचा होता. मी मागितल्यावर तो हसला. "सायेब, यायच्यात हाडं बी धड नाहीत. घ्या, न्या." अठ्ठावीस कोंबड्या मी ऑटोतून घरी आणल्या आणि सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या वाडीत, सोडल्या.

बायको भांडी घासता घासता उठून आली. "माय वो! अर्ध्या सोलून आनल्या का जी?"

खरंच तशा दिसत होत्या त्या. मानेवर आणि पोटाखाली पीस नाही, तुरे पांढुरके, चोची पुढून कापलेल्या, नखं वाढून वळलेली. शेजारच्या भाऊनं कुंपणावरून डोकावून विचारलं, "रस्सा कवा हाये?"

"रस्सा नाही," मी म्हणालो. "बदला हाये."

"बदला कुकडीचा?" तो आतल्यांना सांगायला हसत घरात गेला.

केवढी मोठी वाडी. वालाचा मांडव, वांगी, पपईची झाडं, कोपऱ्यात भाताच्या तणसाची गंजी. आणि त्या अठ्ठावीस कोंबड्या मी सोडल्या तिथंच भिंतीला लागून ओळीनं उभ्या राहिल्या. मध्ये पिंजऱ्याच्या जाळ्या असाव्यात तशा. एकीनं पाऊल उचललं, मातीत टेकवलं आणि पुन्हा मागं घेतलं. मी तिथं उभा राहून शेठला शिव्या देत होतो. आज आठवतं, तेव्हा ह्या शिव्यांमध्ये मी कधी "आपण" म्हटलं नाही. त्या पिंजऱ्यांमध्ये कोंबड्या भरायला कितीतरी वर्षं मीच उभा होतो.

दोन पराती पाण्यानं भरून ठेवल्या. एकही प्यायली नाही. परातीच्या काठाशी उभ्या राहून त्या वर बघायच्या. भिंतीतल्या खिळ्याच्या डोक्यावर चोच मारायच्या. मी वाकलो तर माझ्या शर्टाच्या बटणावर चोच मारायच्या. मी एकेकीची चोच धरून पाण्यात बुडवली, तर मान झटकून त्या पळाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी एक आडवी झाली होती. डोळे अर्धे मिटलेले, भरलेली परात तिच्यापासून हातभर लांब.

बायको म्हणाली, "तुमी एवढे वर्स सुपरवायझर होते ना जी?"

"हो."

"मंग?"

बायको पदर खोचून बाहेर गेली. मला वाटलं शेजारी गेली असेल. अर्ध्या तासानं ती मावशीला घेऊन आली. रोवण्याच्या टोळीत दोघी सोबत असायच्या, हे मला माहीत होतं. ती बोलवायला जाईल असं मात्र वाटलं नव्हतं.

मावशीनं माझ्याकडे पाहिलं नाही. कोंबड्यांकडे पाहिलं, पराती पाहिल्या. "बाटली हाये का वो रिकामी? आन सुई?" बायकोनं दिली. मावशीनं बाटलीच्या बुडाला सुईनं भोक पाडलं, पाणी भरलं आणि ती वालाच्या मांडवाला परातीच्या बरोबर वर टांगली. बाटलीतून थेंब सुटू लागले. टप. टप. त्या आवाजानं भिंतीजवळच्या माना एकदम वर झाल्या. एक कोंबडी चालत आली. वाडीत आल्यापासून चाललेली ती पहिली. तिनं पडत्या थेंबावर चोच मारली, थेंबाच्या मागोमाग चोच खाली गेली आणि परातीत बुडाली. ती थबकली, मान वर करून तिनं घोट गिळला आणि पुन्हा वाकली.

"यायले पडतं पानी समजते," मावशी बायकोला म्हणाली. "साचलेलं पानी कवा पायलंच नाही यायनं."

आडव्या पडलेल्या कोंबडीला तिनं मांडीवर घेतलं आणि बोटाच्या टोकावरून एकेक थेंब पाजला. ती जगली. मावशी हात धुऊन निघाली, आणि फाटकाशी वळून तिनं हात जोडले.

"का जी सायेब, उभा का आडवा?"

बायकोनं विचारलं, "हे काय इचारते जी ते तुमाले?"

"काई नाही. कामावरची गंमत हाये," मी म्हणालो. मी बायकोशीही खोटं बोललो.

त्यानंतर कोंबड्या सुधारत गेल्या. भाताची कणी, कोंडा, बायकोनं फोडून आणलेल्या वारुळातली उधई. पहिल्यांदा एकीनं मागच्या पायानं माती उकरली, तेव्हा ती स्वतःच दचकून मागं सरली. थंडीत त्या तणसात शिरून बसू लागल्या. दुपारी राखेत लोळू लागल्या. मानेवर पीस फुटलं. तुरे लाल होऊ लागले. आणि मी प्रत्येक लाल तुऱ्याकडे पाहून शेठची आठवण काढत होतो. कोंबड्या निवांत झाल्या, मी झालो नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. सगळ्यांत एक कोंबडी कमजोर होती, जिच्या मानेवर पीस येतच नव्हतं. बाकीच्या तिला टोचायच्या. पार रक्त येईपर्यंत. कापलेल्या चोचींनी. बायको तिला डालग्याखाली वेगळी ठेवायची आणि बाकीच्यांना हाकलताना म्हणायची, "ज्यानं कोंडलं त्याले टोचा ना! हिनं का केलं तुमचं?" मी ऐकून घ्यायचो आणि दुसरीकडे जायचो.

पहिलं अंडं मिळालं त्या दिवशी मी ते तळहातावर घेऊन फोटो काढला आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "शेठनं रिकामं खोकं म्हणून फेकलेल्या कोंबडीचं अंडं." शेठनं नुसता अंगठा पाठवला. एक शब्द नाही, फक्त अंगठा. चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. तो चिडला असता तर मी सुखी झालो असतो.

मग समजलं की शेठला चौथं शेड बांधायचं आहे आणि त्याला ग्रामपंचायतीची ना हरकत हवी आहे. विषय प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेत येणार होता. मला हवं होतं ते हेच. सगळ्या गावासमोर उभं राहून सांगायचं: मेलेल्या कोंबड्या बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, नाल्यात कशा टाकतात, माश्या कुठून येतात, कामावरच्या माणसांना कसं हाकलतात. पण मी एकटा बोललो तर लोक म्हणणार, काढलं म्हणून बोलतो. सोबत कुणीतरी हवं होतं. नाल्यात कोंबड्या टाकायचं काम ज्यांच्याकडून करून घेतलं जायचं त्यांतलं कुणीतरी.

मी मावशीच्या घरी गेलो. ती अंगणात लाखोळीची भाजी निवडत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी तिच्या दारात उभा होतो, आणि तेही माझ्या कामासाठी.

"शेठनं तुमाले हाकललं, मले हाकललं," मी म्हणालो. "दोघं मिळून बोललो तं त्याचं शेड होत नाही."

तिनं भाजी खाली ठेवली. "मले शेठनं हाकललं?"

"मंग कोनी?"

ती पुन्हा भाजी निवडायला लागली. "येतो ना जी मी सभेले," ती म्हणाली. "पायतो तुमी का बोलता तं."

सभेच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घातला. पुरावा म्हणून ती पीस नसलेली कोंबडी काखेत घेतली. बायको म्हणाली, "तिले कायले नेता जी?" मी थांबलो नाही. झेंडावंदन झालं, मुलांना जिलेबी वाटली गेली आणि पंचायतीसमोरच्या मंडपात सभा बसली. पुरुष एका बाजूला, बाया एका बाजूला. शेठ सरपंचाच्या शेजारी खुर्चीवर होता. मला कोंबडी घेऊन येताना पाहून लोक हसायला लागले.

"भाऊ, तिचं नाव हाये का मतदार यादीत?"

"बदला आला गा, बदला!"

पण मी बोलायला लागलो तसे ते गप्प झाले. मी चांगलं बोललो. नाल्याचं सांगितलं, माश्यांचं सांगितलं. कोंबडी वर धरून तिची कापलेली चोच दाखवली. बायांच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, "खरं हाये, घरात जेवू देत नाहीत माशा." शेठ खुर्चीत सरकून बसला. मी ज्याची कितीतरी महिने वाट पाहिली होती तो चेहरा मला दिसू लागला होता.

शेठ उठला. हात जोडून, अगदी मऊ आवाजात म्हणाला, "भाऊचा राग मी समजू शकतो. पण ज्या माणसाला पाण्याकडे, पंख्याकडे लक्ष देता आलं नाही, तो आज मला शिकवून राहिला. मागंही तिसऱ्या शेडात पाण्यावाचून माल मेला, तेव्हाही हाच होता."

"नाही, नाही," सरपंच म्हणाला. त्याला माझी बाजू घ्यायची होती. "तवा तं त्या मावशीनं कॉक बंद केलता ना? सगळ्या गावाले माहीत हाये. हो ना गा भाऊ?"

सगळ्या माना बायांच्या बाजूला वळल्या, मग माझ्याकडे. मला फक्त "हो" म्हणायचं होतं. "हो" सुद्धा नको, नुसतं गप्प राहून पुन्हा नाल्यावर आलो असतो तरी चाललं असतं. सभा माझ्या हातात होती. आणि खरं सांगितलं तर माझ्या बोलण्याला काही किंमत उरणार नव्हती. ह्यानं तेव्हा खोटं सांगितलं, आताही खोटंच सांगत असेल, एवढं म्हणायला शेठला पुरे होतं.

मी मावशीच्या प्रश्नाची वाट पाहू लागलो. भर सभेत ती विचारणार, लोक हसणार, मी हसणार आणि वेळ निघून जाणार, जशी दर वेळी जायची. तिनं विचारलं नाही. ती माझ्याकडे पाहतसुद्धा नव्हती. माझ्या काखेतल्या कोंबडीच्या उघड्या मानेकडे पाहत होती.

शेठचं चौथं शेड आज हायवेवरून दिसतं. त्या दिवशी मी जे बोललो त्यामुळे ते अडलं नाही. उलट त्याचं काम सोपं झालं. "घ्या, सायबाचा खरेपणा," असं तो नंतर हसत म्हणाला आणि सभाही हसली. त्याचा राग मला आजही येतो. तो गेला असं मी लिहिणार नाही.

मी बायांच्या बाजूला वळलो आणि म्हणालो, "मावशी, तो पाइप आडवा होता."

माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही. मावशी उठून उभी राहिली. तिनं पदर डोक्यावर घेतला.

"मोठ्यानं बोला ना जी सायेब," ती म्हणाली. "मांगं आयकू येऊन नाही रायलं."

मंडपात कुणी हसलं नाही. मी कोंबडी खाली सतरंजीवर सोडली, कारण मला दोन्ही हात जोडायचे होते, आणि मागच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणालो, "तिसऱ्या शेडातला पाइप आडवा होता. तिथं कॉक आडवा ठेवाचा होता. मी तुमाले उभा सांगतला. तुमी दारात येऊन इचारलं बी होतं, मी जेवून रायलो होतो, मी वर पायलं नाही. तुमी मी सांगतलं तेच केलं. शेठपुढं मी खोटं बोललो. मंग आतावरी रोज खोटं बोललो. त्या कोंबड्या मी मारल्या, मावशी. तुमचं काम मी घालवलं, नाव मी घालवलं. चूक माझी होती. मले माफ करा."